कायमचा करार नसतो, ताई

मागच्या महिन्यात घराचं अ‍ॅग्रीमेंट रिन्यू करायला एक मुलगा आला होता. वय असेल २३-२४, पाठीवर सॅक, सॅकमधे लॅपटॉप, अंगठ्याचं मशीन आणि वायरीत गुंडाळलेला छोटा वेबकॅम. हल्ली भाडेकराराच्या रजिस्ट्रेशनला ऑफिसात जावं लागत नाही, तोच घरी येतो, डायनिंग टेबलावर सगळं मांडतो, घरमालक काकांचा फोटो, आपला फोटो, दोन साक्षीदार, सगळ्यांचे अंगठे, अर्ध्या तासात काम संपतं. माझा अंगठा मात्र मशीन घेईना. एकदा, दोनदा, पाच वेळा. ओल्या फडक्याने पुसला, मग कोरड्याने पुसला, कपाळावर घासून बघितला. तो मुलगा म्हणाला, भांडी घासून रेषा जातात ताई, बऱ्याच बायकांचं होतं असं, जरा थांबू आणि परत ट्राय करू. म्हणून आम्ही थांबलो. काका मोबाइल बघत बसले आणि हा मुलगा इकडेतिकडे बघता बघता टेबलाशेजारच्या शेल्फाकडे बघायला लागला. तिथे माझं मोठं बायबल असतं आणि त्याच्यावर शाळेत असताना मिळालेलं छोटं पुस्तक, खिशात मावेल एवढं, कव्हरवर नुसतं 'नवा करार'.

"ताई, हा कशाचा करार आहे?" त्याने खरंच कुतूहलाने विचारलं.

मी म्हणलं, बायबलचा दुसरा भाग आहे तो, देवाने माणसांशी केलेला करार. त्याची बोटं कीबोर्डवर होती, कदाचित सवयीनेच त्याने विचारलं, "किती वर्षांचा?" मी म्हणलं, कायमचा. तर तो मान हलवत, अगदी समजावून सांगितल्यासारखं म्हणाला, "कायमचा करार नसतो ताई. कायमचं पाहिजे असेल तर खरेदीखत करावं लागतं." त्यात टिंगल अजिबात नव्हती. रोज चार घरी जाऊन हेच काम करणारा मुलगा, त्याने मला माहिती दिली. मग माझा अंगठा सहाव्यांदा ठेवला आणि स्क्रीनवर हिरवी खूण आली, सगळ्यांनी हुश्श केलं, चहा झाला, तो गेला.

पण ते वाक्य काही गेलं नाही.

रात्री भांडी घासताना मी माझा अंगठा बघत होते. नऊ वर्षांत हे पाचवं घर. कपाटात एक निळी फाइल आहे, तिच्यात सगळे जुने करार लावून ठेवलेत, प्रत्येक अकरा महिन्यांचा, प्रत्येकात तेच वाक्य की सदर जागेवर लायसन्सीचा, म्हणजे भाडेकरूचा, कोणताही हक्क निर्माण होणार नाही. भिंतीला खिळा मारायचा नाही हे पण प्रत्येकात. म्हणून आमचा लाकडी क्रूस पाच घरांत कधी भिंतीवर लागलाच नाही, तो शेल्फावर भिंतीला टेकवून ठेवलेला असतो, झाडताना पडतो, मी परत ठेवते. करार संपायला दोन महिने राहिले की माझी झोप हलकी होते. काका चांगले आहेत, तरी त्यांचा फोन आला की छातीत धस्स होतं, भाडं वाढवतील, की मुलगा अमेरिकेहून परत येतोय म्हणतील. अकरा महिन्यांच्या मापाने जगायची इतकी सवय झालीय की आपण घरात नवीन पडदे घ्यायला पण घाबरतो हे त्या रात्री पहिल्यांदा लक्षात आलं. आणि त्याच्यामागून एक विचार आला जो मला आवडला नाही. मी देवाशी पण असंच वागते का? तो घरमालक, मी लायसन्सी, काही चुकलं की नोटीस येणार?

मजा म्हणजे करार हा शब्दच मुळात असा नाहीये. अरबीतून फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला तो, आणि मूळ अर्थ स्थिरावणं, एका जागी ठरणं. हिंदी गाण्यांत 'बेकरार' येतं ना, म्हणजे ज्याला थारा नाही असा जीव, तर करार म्हणजे थारा. आपण त्याचा कागद केला, स्टँपड्युटी लावली, तारीख घातली. पण मराठीत बायबल छापणाऱ्यांनी हा शब्द उचलला, त्यामुळे आमच्या घरांत तो लहानपणापासून वेगळ्याच अर्थाने कानावर पडला. 'जुन्या करारातून वाचू या', 'नव्या करारातून वाचू या', दर रविवारी. इतक्या वेळा ऐकला की त्यात काही करार आहे हेच विसरले होते. त्या मुलाने तो परत कागदासारखा माझ्यासमोर धरला.

मी नगरची. आता जिल्ह्याचं नाव बदललंय, तोंडातून मात्र नगरच येतं. अमेरिकन मराठी मिशन तिथे १८३१ मधे आलं, आमच्या घराण्यात ख्रिस्ती होऊन पाच पिढ्या झाल्या. आजी मिशनच्या शाळेत बाई होती, शाळेत शुद्ध बोलायची आणि घरी आली की चप्पल काढता काढता भाषा पण काढून ठेवायची. आमच्याकडे ३१ डिसेंबरची रात्र म्हणजे चर्च. रात्री दहाला जायचं, स्वेटर, मफलर, बाकांचा गार स्पर्श, पेटी-तबल्यावर रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं, बाराच्या ठोक्याला सगळे गुडघ्यावर, आणि प्रार्थना संपली की आम्हा पोरांना ज्याची वाट असायची ते वचनाचं कार्ड. पाळक साहेबांच्या हातात थाळी, तिच्यात पालथी घातलेली छोटी रंगीत कार्डं, प्रत्येकावर एक वचन. डोळे मिटून एक उचलायचं. ते तुमचं त्या वर्षाचं वचन. आजी घरी आल्यावर मागच्या बाजूला पेनाने नाव आणि साल लिहायची.

१९९४ च्या सुरुवातीला, मी नऊ वर्षांची होते आणि धाकटा भाऊ सहा. माझ्या कार्डावर आलं, ज्याच्यावर प्रभू प्रीती करतो त्याला तो शिक्षा करतो. मी रिक्षात बसून ते तीन वेळा वाचलं आणि पोटात गोळा आला. वर्षभर शिक्षा! धाकट्याच्या कार्डावर स्तोत्र ९१ मधलं होतं, तुझ्या पायांना धोंड्याची ठेच लागू नये म्हणून ते, म्हणजे देवदूत, तुला हातांवर झेलून धरतील. त्याला तेव्हा जोडाक्षरं नीट वाचता यायची नाहीत. तो झोपला आणि मी कार्डं बदलली, त्याचं माझ्या उशीखाली, माझं त्याच्या. सकाळी आजीने विचारलं कुणाचं कुठलं, मी झेलून धरणारं पुढे केलं, तिने त्याच्यामागे माझं नाव लिहिलं.

मे महिन्यात तो चर्चच्या आवारातल्या चिंचेवरून पडला. उजवा हात कोपरापाशी मोडला.

त्याच्या रडण्याचा आवाज अजून माझ्या कानात आहे, आणि प्लास्टरचा तो ओला चुन्यासारखा वास. सगळे म्हणत होते थोडक्यात वाचला, डोक्यावर नाही पडला. मला एकटीलाच माहीत होतं की झेलणाऱ्यांनी का नाही झेललं, त्यांच्याकडे कार्ड माझ्या नावाचं होतं. पाच-सहा दिवस मी नीट जेवले नाही. शेवटी रात्री आजीच्या पांघरुणात तोंड घालून सगळं ओकून टाकलं. ती बराच वेळ काही बोलली नाही, माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली, तिच्या हाताला खडूचा वास यायचा. मग म्हणाली, "आगं येडे, देव काय पोस्टमन हाय का, कार्डावरचं नाव बघून देणारा?" आणि मी विचारलं, मग ३१ डिसेंबरला वचन संपतं ना, मग परत नवीन घ्यावं लागतं ना? तेव्हा ती उठली, लाइट लावला, पलंगाखालून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. आत तिची सगळी कार्डं. पिवळी पडलेली, कोपरे दुमडलेले, काहींवर शाई पसरलेली, तिच्या लग्नाच्या आधीपासूनची. म्हणाली, यातलं एक पण संपलेलं नाय. मग डबा बंद केला आणि मला झोप म्हणाली. त्या वेळी मला पटलं की नाही आठवत नाही, झोप मात्र लागली.

खरेदीखत करावं लागतं, असं तो मुलगा म्हणाला तेव्हा डोक्यात कुठेतरी जुन्या करारातला यिर्मया संदेष्टा हलला होता, पण नीट आठवायला दोन दिवस गेले. मग एका दुपारी बायबल उघडून बसले. ज्या वचनावरून 'नवा करार' हे नावच पडलं ते यिर्मयाच्या ३१ व्या अध्यायात आहे, आम्हाला रविवारच्या शाळेत पाठ करून घेतलेलं. पाहा, असे दिवस येत आहेत की मी नवा करार करीन. मिसर देशातून, म्हणजे इजिप्तमधून, इस्राएली लोकांना बाहेर काढताना केला तसा नाही, तो त्यांनी मोडला. मोडलाच होता. सीनाय डोंगरापाशी सगळे एका आवाजात म्हणाले होते की परमेश्वराने सांगितलेलं सगळं आम्ही पाळू, त्यांच्या पुढाऱ्याने, मोशेने, त्यांच्यावर कराराचं रक्त शिंपडलं, तो डोंगरावर चढला, चाळीस दिवस खाली आला नाही आणि तेवढ्यात इकडे सोन्याचं वासरू तयार. मोशेने देवाच्या आज्ञा कोरलेल्या दगडी पाट्या डोंगराच्या पायथ्याशी आपटून फोडल्या. म्हणून यिर्मया म्हणतो, या वेळी दगडावर नाही, 'हृत्पटलावर' लिहीन. लहानपणी हा शब्द उच्चारताना माझी जीभ अडखळायची. आता मी ती वचनं निळ्या फाइलीतला करार शेजारी ठेवून वाचली, खरंच तसं केलं, आणि क्रियापदं बघत गेले. माझ्या भाडेकरारात सगळं 'लायसन्सीने करावे', 'लायसन्सीने करू नये'. आणि इथे ठेवीन, लिहीन, होईन, क्षमा करीन, त्यांचं पाप ह्यापुढे स्मरणार नाही. सगळं 'ईन'. दुसऱ्या पार्टीने कसूर केल्यास करार रद्द, असं एक पण कलम नाही. मी दोनदा शोधलं.

आणि पुढचाच अध्याय, ३२ वा. तिथे खरेदीखत आहे! यरुशलेमेला बाबेलच्या, म्हणजे बॅबिलोनच्या, सैन्याचा वेढा पडलाय, सिद्कीया राजाचं दहावं वर्ष, म्हणजे इ.स.पूर्व ५८७ च्या आसपास, शहर आता पडणार हे यिर्मयानेच सांगितलंय आणि त्यापायी राजाने त्याला पहारेकऱ्यांच्या चौकात डांबलंय. अशात त्याचा चुलतभाऊ येऊन म्हणतो, अनाथोथातलं माझं शेत विकत घे. शत्रूच्या ताब्यात गेलेलं शेत! कोण घेईल? यिर्मया घेतो. १७ शेकेल वजनाची चांदी ताजव्यात तोलून देतो, साक्षीदार बसवतो, सह्या घेतो, खरेदीखताच्या दोन प्रती करतो, एक मोहोरबंद, एक उघडी, आणि आपल्या लेखनिकाला, बारूखाला, सांगतो की या मातीच्या मडक्यात घालून ठेव म्हणजे पुष्कळ दिवस टिकतील. कारण या देशात घरं, शेतं आणि द्राक्षमळे परत विकत घेतले जातील. मला हे सगळं माहीत होतं, पाच-सात वेळा वाचलं असेल, पण ३१ आणि ३२ हे अध्याय एकमेकांना चिकटून आहेत हे कधी जाणवलंच नव्हतं. सगळं बुडत असताना तो माणूस आधी म्हणतो नवा करार होणार, आणि लगेच स्वतःच्या खिशातले पैसे काढून खरेदीखत करतो. १९४७ मधे मृत समुद्राजवळ कुमरानच्या गुहेत दोन हजार वर्षांपूर्वीच्या पहिल्या गुंडाळ्या सापडल्या त्या पण मडक्यांतच, तेव्हा बारूखाला सांगितलेली युक्ती काही चुकीची नव्हती. आणि मला आठवला आजीचा पत्र्याचा डबा.

त्या मुलाला सांगायला पाहिजे होतं की अरे, खरेदीखत पण आहे बाबा.

पण तिथेच थांबता येत नाही. कारण नव्या करारात, इब्री लोकांस पत्रात, आणखी एक कागद निघतो, मृत्युपत्र. ग्रीकमधे करारासाठी जो शब्द वापरलाय, दियाथेके, त्याचा रोजच्या वापरातला अर्थ मृत्युपत्र. दोन बरोबरीच्या माणसांनी घासाघीस करून केलेल्या कराराला तिथे वेगळा शब्द होता, सुनथेके, तो जुन्या कराराच्या पहिल्या ग्रीक भाषांतरकारांनी देवाच्या करारासाठी घेतला नाही. दियाथेकेवरूनच पुढे लॅटिन आणि इंग्रजीतलं टेस्टामेंट आलं. इब्रीकरांस लिहिणारा म्हणतो, जिथे मृत्युपत्र आहे तिथे ते करणाऱ्याचा मृत्यू झालेला असला पाहिजे, त्याशिवाय ते लागू होत नाही.

हे मला पुस्तकातून नाही कळलं, आमच्या नगरच्या घराच्या ओट्यावर कळलं. आजोबा गेले तेव्हा माझे धाकटे काका त्यांच्याशी सहा वर्षं बोलत नव्हते. कारण काय होतं ते आता सांगण्यात अर्थ नाही, दोघांचंही चुकलं होतं. मातीच्या तिसऱ्या दिवशी आजीने कपाटातून कागद काढला, वकिलाकडे केलेला साधा कागद, आणि वडिलांनी तो मोठ्याने वाचला. मागची खोली, विहिरीकडचं दार आणि पेरूचं झाड काकांच्या नावाने होतं. काका खाली पायरीवर बसले होते, आत यायला तयार नव्हते. ते ऐकलं आणि त्यांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं. माझ्या मनात तेव्हा जे आलं ते अजून तसंच आहे. सहा वर्षं रागावलेल्या माणसाने हे लिहून ठेवलं, आणि आता ते कुणालाच बदलता येणार नाही, स्वतः आजोबांना पण नाही. काकांनी पाया पडून माफी मागायची म्हटलं तरी कुणाची मागणार, आणि नाही मागितली तरी खोली त्यांचीच.

देवाच्या बाबतीत मात्र मृत्युपत्र करणारा मेला आणि तिसऱ्या दिवशी उठला, असं आम्ही मानतो. म्हणजे ज्याने लिहिलं त्याच्या रक्ताने ते पक्कं झालं, आणि ते वारसांना मिळतंय की नाही हे बघायला तोच जिवंत आहे. म्हणून इब्रीकरांस पत्राच्या शेवटी 'सार्वकालिक करार' हा शब्द येतो. मी तो आशीर्वाद म्हणून हजार वेळा ऐकलाय, उपासना संपताना, चपला शोधायच्या घाईत.

आता जरा अवघड गोष्ट. ती टाळून हा लेख लिहिला असता तर मला बरं वाटलं नसतं.

पुण्यात पहिल्यांदा आले तेव्हा रास्ता पेठेत एका बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी यहुदी, आजींकडे मी दोन वर्षं राहिले. आडनावात -कर, अलिबागकडचं गाव, आणि मराठी अशी की आपण ऐकत राहावं. त्यांनी माझ्याशी कसलाही कागद केला नव्हता. ऑफिस कुठे, आईवडील कुठे, एवढं विचारलं आणि किल्ली दिली. त्यांच्या दाराच्या चौकटीला मेझुझा होता, एक छोटी लांबट डबी, तिरकी ठोकलेली, आत चर्मपत्रावर त्यांची शेमाची प्रार्थना, हे इस्राएला ऐक. बाहेर जाता-येता त्या तिथे बोटं टेकवून ओठाला लावायच्या. शुक्रवारी संध्याकाळी दिवा लागायचा, घरात खोबरेल तेलाचा वास, आणि त्या गप्प व्हायच्या. एकदा माझं बायबल त्यांनी हातात घेतलं, पहिलं पान वाचलं, जुना करार व नवा करार, आणि म्हणाल्या, "म्हणजे आमचं ते जुनं आणि तुमचं ते नवं, असंच ना?" मी गडबडले. शिकलेलं काहीतरी सांगायला लागले, की पहिला करार पुढच्याची तयारी होता वगैरे. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं, आणि मग म्हणाल्या, "माझं लग्न एक्केचाळीस वर्षांचं जुनं होतं. जुनं झालं म्हणून संपलं होतं का गं?"

मला उत्तर देता आलं नाही. इब्री पत्रात लिहिलंय की 'नवा' म्हणण्यात त्याने पहिला जुना ठरवलाय आणि जे जीर्ण होतं ते नाहीसं होण्याच्या बेतात असतं. मी ते वाक्य खोडू शकत नाही, खोडायची इच्छा पण नाही. पण त्याच नव्या करारात प्रेषित पौल रोमकरांस पत्राच्या ११ व्या अध्यायात आपल्या यहुदी भाऊबंदांबद्दल लिहितो की देवाला आपल्या कृपादानांचा आणि पाचारणाचा पस्तावा होत नाही. आणि यिर्मयाचं वचन तरी काय म्हणतं? नवा करार कुणाबरोबर? इस्राएलाचं घराणं आणि यहूदाचं घराणं यांच्याबरोबर. नगरच्या घराण्यांचं नाव तिथे नाही. पौल म्हणतो आपण रानटी जैतुनाची फांदी, दुसऱ्याच्या झाडावर कलम केलेली, आणि फांदीने मुळासमोर मिरवू नये. शेकडो वर्षं ख्रिस्ती लोकांनी मिरवलं. तुमचा करार रद्द झाला असं यहुद्यांना सुनावत त्यांचे काय हाल केले हे वाचताना मान खाली जाते. कॅथलिक चर्चने १९६५ मधे, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, यहुदी लोक देवाने टाकलेले किंवा शापित आहेत असं दाखवू नये हे लिहून जाहीर केलं. मी कॅथलिक नाही, पण ते वाचून मला हलकं वाटलं होतं.

मला आज एवढं कळतं की माझ्या कराराचा कायमपणा त्या आजींच्या कराराला टांगलेला आहे. एकदा दिलेला शब्द समोरचा चुकला म्हणून देवाने कायमचा मागे घेतला असेल, तर तो माझ्या बाबतीत पण घेईल, मी काही त्यांच्यापेक्षा चांगली भाडेकरू नाही. आणि तो जर त्यांना विसरलेला नसेल तर मला पण विसरणार नाही. प्रभू येशूने यहुद्यांच्या वल्हांडण सणाच्या रात्री प्याला उचलला तेव्हा टेबलाभोवती बसलेले सगळे त्या आजींच्याच घराण्यातले होते, तो स्वतः पण. आजी आता नाहीत, दोन्ही आजी नाहीत. त्यांना हे सांगायला हवं होतं. तेव्हा मी २४ ची होते आणि मला सगळं माहीत होतं.

बायबलच्या पहिल्या पुस्तकात, उत्पत्तीच्या १५ व्या अध्यायात, यहुद्यांचा मूळपुरुष अब्राहाम याच्याशी देवाचा करार होतो ते दृश्य मला हल्ली सारखं दिसतं. जनावरं मधोमध चिरून दोन्ही बाजूंना मांडलेली, गिधाडं येतायत, अब्राहाम त्यांना हाकलतोय. त्या काळची रीत अशी की करार करणाऱ्याने त्या तुकड्यांमधून चालत जायचं, म्हणजे मी शब्द मोडला तर माझं असं होवो. आणि सूर्य मावळताना अब्राहामाला गाढ झोप लागते. अंधार, भय, आणि मग धुराची भट्टी आणि पेटती मशाल, देवाची खूण म्हणून, त्या तुकड्यांमधून जाते. तो झोपलेला असताना. दुसऱ्या पार्टीचा अंगठा घेतलाच नाही.

म्हणजे मग मी काहीही केलं तरी चालतं का? हा प्रश्न मला सुटतो असं नाही, कारण कायमचं घर मिळालेला माणूस पण घर घाण ठेवू शकतो. मला जे टोचतं ते वेगळं आहे. त्या करारातलं शेवटचं वाक्य, त्यांचं पाप मी ह्यापुढे स्मरणार नाही. मी तर सगळं स्मरते. धाकट्याशी मी चौदा महिने बोललेले नाही. आजीच्या शेवटच्या आजारपणात, हॉस्पिटलच्या व्हरांड्यात, तो एक वाक्य बोलला होता, मी नगरला किती कमी येते त्याबद्दल, चारचौघांत. ते वाक्य मला तारीख-वारासकट पाठ आहे. मी काय उत्तर दिलं ते पण पाठ आहे आणि ते जास्त वाईट होतं. मातीला आम्ही दोघं शवपेटीच्या दोन बाजूंना उभे होतो. त्यानंतर तो ग्रुपवर वाढदिवसाचे केक टाकतो, मी बघते, बस.

गेल्या रविवारी प्रभुभोजन होतं. पहिला रविवार. भाकरीचे छोटे चौकोनी तुकडे, आणि गोल ट्रेमधे अंगठ्याएवढे ग्लास, द्राक्षाच्या रसाचे, ट्रे पुढे सरकताना एकमेकांवर किणकिणतात. पाळक साहेब म्हणाले, हा प्याला माझ्या रक्तात नवा करार आहे. मी ग्लास घेतला आणि अंगठ्याकडेच बघत राहिले, काचेवर अंगठ्याचा ठसा उमटला होता, धूसर, पण सगळ्या रेषा होत्या. चव नेहमीचीच, गोड, थोडी तुरट. मला काही फार मोठं वाटलं वगैरे नाही. फक्त रांगेत परत येताना एकदम जाणवलं की त्या व्हरांड्यातल्या वाक्यासाठी मी अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट केलं होतं आणि गुपचूप रिन्यू पण केलं.

सोमवारी त्या मुलाने रजिस्टर झालेल्या कराराची पीडीएफ पाठवली. खाली मेसेज, "ताई झालं काम. पुढच्या वर्षी संपायच्या आधी एक महिना रिमाइंडर टाकतो." मी त्याला यिर्मया, मडकं, १७ शेकेल, सगळं लिहायला घेतलं, मोठा मेसेज झाला. मग थांबवला. त्याला लिहिलं, पुढच्या वेळी जेवायलाच ये, तुझ्या त्या प्रश्नाचं उत्तर राहिलंय. त्याने हात जोडल्याची खूण पाठवली.

प्रिंट काढून आणली आणि निळ्या फाइलीत लावायला कपाट उघडलं तर फाइलीच्या खाली आजीचा डबा. ती गेल्यावर तो माझ्याकडे आलाय, पण उघडला नव्हता. झाकण घट्ट बसलं होतं, चमच्याने उचकटावं लागलं. आतून जुन्या कागदाचा आणि थोडा खडूचा वास, की मलाच तसं वाटलं. खालून वरपर्यंत सालं लावून ठेवलेली, १९९४ ची दोन कार्डं एकाला एक लागून. झेलून धरणारं उचललं. मागे निळ्या शाईत माझं नाव, आणि त्याच्या शेजारी नंतर कधीतरी काळ्या बॉलपेनने धाकट्याचं. दुसऱ्या कार्डावर पण तसंच, आधी त्याचं, मग माझं. दोन्हींवर दोघं. मला तिने कधी सांगितलं नाही.

त्या कार्डाचा फोटो काढला, पुढचा आणि मागचा, आणि त्याला पाठवला. काहीच लिहिलं नाही सोबत, सुचलंच नाही. दुपारी निळ्या खुणा आल्या. संध्याकाळ गेली. मी आमटीला फोडणी देत होते तेव्हा फोन वाजला, हात ओले, तसाच उघडला.

"हे कार्ड माझं होतं."

आणि मिनिटभराने, खाली, "हात थंडीत अजून दुखतो गं ताई."